दूरच्या युद्धांबद्दल बोलताना

तळोजा एमआयडीसीतल्या एका मासळी निर्यात करणाऱ्या कारखान्यात मी डॉक्युमेंटेशनचं काम बघते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, हेल्थ सर्टिफिकेट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग. गोठवलेला माकुल न्हावा-शेव्याहून निघून स्पेन-इटलीच्या बंदरात उतरेपर्यंत त्याच्याबरोबर जेवढे कागद फिरतात, ते सगळे माझ्या टेबलावरून जातात. परराष्ट्र धोरणाचा मी अभ्यास केलेला नाही. पण २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं, पुढच्या वर्षी ऑक्टोबरात गाझाचं युद्ध पेटलं, आणि तेव्हापासून कॅन्टीनमध्ये, पेंधरहून सुटणाऱ्या मेट्रोत, सोसायटीच्या बाकांवर, माहेरच्या ओटीवर या युद्धांबद्दल बोलणं चालूच आहे. मी त्यात मन लावून भाग घेतला, कधी भांडलेही. त्यातून जे उमगत गेलं ते लिहून ठेवते आहे.

१. युद्ध मथळ्यांतून गेलं तरी भाड्यातून जात नाही.

१९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी गाझाच्या युद्धाचं कारण देऊन तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज पकडलं, तेव्हा आमच्या कॅन्टीनमध्ये प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, हे हूथी कोण? महिन्याभरात मोठ्या शिपिंग लाइन्सनी सुएझचा रस्ता सोडला आणि युरोपचा माल आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागला. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. कंटेनर उशिरा परतू लागले, म्हणून रिकामे मिळेनात. रिफर, म्हणजे गोठवलेल्या मालाच्या, कंटेनरला सगळ्या वाटेवर वीज लागते, तो खर्च वाढला. भाडं काही काळ कित्येक पटींनी चढलं. एलसीच्या, म्हणजे बँकेच्या पतपत्राच्या, मुदती वाढवून घेण्यासाठी गिऱ्हाइकांना विनवण्या कराव्या लागल्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत हूथींबद्दल विचारायचं सगळ्यांनी सोडून दिलं होतं, पण बिलावरची युद्धाच्या सरचार्जची ओळ जागची हलली नव्हती. लांबलेलं युद्ध असंच आपल्यात मुरतं. लोकांना त्याची सवय होते आणि सवय झालेल्या गोष्टीवर कुणी वाद घालत नाही. वादाची खरी गरज मात्र तेव्हाच असते, कारण तोवर त्याची किंमत कुणीतरी निमूटपणे भरू लागलेलं असतं.

२. जहाजावर माणसं असतात, हे चर्चेत सगळ्यात शेवटी येतं.

आमच्या सोसायटीत एका शेजारणीचा नवरा मर्चंट नेव्हीत आहे. खारघर-पनवेलच्या पट्ट्यात अशी घरं पुष्कळ. २३ डिसेंबर २०२३ ला पोरबंदरपासून साधारण २०० सागरी मैलांवर 'केम प्लुटो' या रसायनवाहू टँकरवर ड्रोन आदळला. जहाजावरच्या २१ जणांपैकी २० भारतीय होते. सगळे वाचले, जहाज दोन दिवसांनी मुंबईला आलं. जानेवारीत एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' हे जहाज हल्ल्यात पेटलं, त्यावरही २२ भारतीय होते, आणि आग विझवायला आपल्या 'विशाखापट्टणम' युद्धनौकेवरचे नौसैनिक गेले. त्या आठवड्यांत आम्ही 'भारताने कुणाची बाजू घ्यावी' यावर तावातावाने बोलत होतो. शेजारीण मात्र एवढंच विचारायची, 'त्यांचं जहाज सुएझवरून जाणार की केपवरून?' युद्धक्षेत्र ठरवलेल्या पट्ट्यात जायला नकार देण्याचा हक्क पुष्कळ खलाशांना करारानेच मिळालेला असतो, हे मला तिच्याकडून कळलं. आणि हेही, की हक्क कागदावर असला तरी पुढच्या साइन-ऑनची, म्हणजे पुढचं जहाज मिळण्याची, काळजी माणसाला तो सहज वापरू देत नाही.

अमेरिकेच्या पुढाकाराने तांबड्या समुद्रासाठी जी नौदलांची आघाडी उभी राहिली, तिच्यात भारत गेला नाही. 'मोरमुगाव', 'कोची', 'कोलकाता' या आपल्या विनाशिका मात्र अरबी समुद्रात आणि एडनकडे तैनात झाल्या. त्या सगळ्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या. मार्च २०२४ मध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावर क्षेपणास्त्र पडून तिघे खलाशी मेले, तेव्हा उरलेल्यांना 'कोलकाता'नेच उचललं, आणि त्यांत भारतीय एकच होता. आघाडीबाहेर राहूनही समुद्रातल्या कुठल्याही देशाच्या माणसाला हात देता येतो, हे त्या दिवशी दिसलं. धोरणावर बोलताना मी आता जहाजाच्या झेंड्याआधी जहाजावरच्या माणसांची चौकशी करते.

३. तटस्थ राहण्यालाही पुष्कळ काम लागतं, आणि त्याचं ओझंही असतं.

२ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाचा निषेध करणाऱ्या ठरावाच्या बाजूने १४१ देश उभे राहिले, ५ विरोधात गेले, ३५ तटस्थ राहिले. त्या ३५ मध्ये भारत होता. त्याच दिवसांत आमच्या ओळखीच्या एका घरातली मुलगी खार्किवला मेडिकलला होती. तिचे आईवडील दिवसरात्र फोन धरून बसलेले. 'ऑपरेशन गंगा'त सुमारे २२,५०० भारतीय युक्रेनमधून परत आले. पोलंड, हंगेरी, रोमेनिया, स्लोव्हाकिया या देशांत चार केंद्रीय मंत्री जाऊन बसले. युक्रेनच्या सुमी शहरात अडकलेली सातशेच्या आसपास मुलं ८ मार्चला बाहेर पडली, ती कीव्ह आणि मॉस्को या दोघांशीही बोलता आलं म्हणून. दोन्ही दारं उघडी ठेवण्याचा अर्थ मला त्या आठवड्यात समजला.

पण ती मुलगी घरी आल्यावर जे म्हणाली, ते मनातून जात नाही. 'काकू, दोन्हीकडे बोलता आलं म्हणून आम्ही सुटलो, हे मला कळतं. पण जिच्या घरात मी भाड्याने राहायचे, ती आजी अजून तिथेच आहे. तिच्या बाजूने आपण काहीच का बोललो नाही, हे तिला मी काय सांगू?' ज्या धोरणाने तिचा जीव वाचवला, त्यालाच प्रश्न विचारण्याचं धाडस तिच्यात होतं. एप्रिलमध्ये युक्रेनमधल्या बुचातल्या हत्याकांडाचा भारताने स्पष्ट निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीची मागणी उचलून धरली, तेव्हा मी तिला फोन करून ते सांगितलं. ती म्हणाली, 'हे बरं झालं. पण हे आधी का नाही?' तटस्थ राहणाऱ्याने या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं पाहिजे, असं मला तेव्हापासून वाटतं.

४. फायदा एका दारात पडतो, तोटा दुसऱ्यात.

रशियन तेलाइतका वाद आमच्याकडे कशावरच झाला नाही. युद्धाआधी भारताच्या तेल-आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी होता. २०२३ पर्यंत तो एक तृतीयांशाच्या पुढे गेला. लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो, तेव्हा सवलतीत मिळणारं तेल घेणं मला योग्यच वाटलं, आजही वाटतं. त्याचा लाभ नेमका कुणाला, हे मात्र नीट दिसत नव्हतं. मुंबईत पेट्रोल जुलै २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत १०६ रुपयांवरच थांबलं होतं. काही जण म्हणत, ते तेल नसतं तर भाव याहून वर गेला असता. काही म्हणत, स्वस्ताई तेल कंपन्यांतच जिरली. दोन्ही बोलण्यांत तथ्य होतं.

मग २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने रशियन तेलाचं कारण देऊन भारतीय मालावर आणखी २५ टक्के शुल्क लावलं. आधीचे २५ धरून ५० झाले. गोठवलेल्या कोळंबीसाठी अमेरिका ही आपली सगळ्यात मोठी बाजारपेठ. तिकडे जाणारा माल थबकला की पहिला परिणाम होतो सोलाईच्या, म्हणजे कोळंबी सोलण्याच्या, शेडवर, कारण तिथली बाई रोजंदारीवर असते. त्या सप्टेंबरात कंत्राटी काम करणाऱ्या एका बाईने मला विचारलं, 'मॅडम, आमचे दिवस का कमी झाले?' मी तिला तेल, शुल्क, रशिया सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या घरात पेट्रोलवर चालणारं काहीही नाही. देशाच्या हिताचा एक निर्णय झाला, आणि ज्या घराला त्यातून थेंबभरही मिळालं नव्हतं, त्या घराचे रोज कापले गेले. यावरून निर्णय चुकीचा ठरत नाही. पण देशहिताचा निर्णय घेणाऱ्याने त्याची झळ कुणाला लागणार हे आधी ओळखून त्या माणसाची सोयही तेव्हाच करायला हवी. त्या वेळच्या वादांत हे फार थोड्या लोकांनी मांडलं.

५. खताची गोणी हाही राष्ट्रीय सुरक्षेचाच विषय आहे.

माझं माहेर माणगाव तालुक्यातलं, घरी भातशेती. तळोज्यात मात्र मी अशा वसाहतीशेजारी राहते, जिथे नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि त्यापुढे खतं, नायट्रिक ॲसिड, अमोनियम नायट्रेट तयार होतं. त्यामुळे २०२२ मध्ये जगभर वायूचे भाव भडकले, तेव्हा तो धागा माझ्या दोन्ही घरांतून गेला. पोटॅशसाठी आपण पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहोत, आणि रशिया-बेलारूस हे त्यातले मोठे पुरवठादार. त्या वर्षी डीएपीची गोणी शेतकऱ्याला १३५० रुपयांना मिळाली. सरकारने फरक सोसला नसता तर तीच जवळपास तिप्पट पडली असती. २०२२-२३ चं खत-अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेलं. इतक्या दूरच्या युद्धामुळे एवढा पैसा आपल्या तिजोरीतून गेला, आणि त्यावर टीव्हीवर मी एकही तावातावाची चर्चा ऐकली नाही. पेरणीच्या तोंडावर भाऊ फोनवर म्हणाला होता, 'ताई, युद्ध त्यांचं आणि रांग आमची.' रणगाडे आणि क्षेपणास्त्रांइतक्याच गांभीर्याने आपण वायू, पोटॅश आणि गोदामं यांच्यावर बोलू लागलो, तर माझ्या भावालाही त्या चर्चेत जागा मिळेल. आज त्याला वाटतं, हा आपला विषयच नाही.

६. चार दिवसांच्या युद्धातला आवाज लांबलेल्या युद्धाला पुरत नाही.

७ मे २०२५ ला पाकिस्तानविरुद्ध भारताचं 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झालं. त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाचा सराव होता, आणि महाराष्ट्रात पहिल्या वर्गातल्या ठिकाणांत मुंबई, तारापूर यांच्या जोडीला आमच्या शेजारचं उरण होतं. १० मेला शस्त्रसंधी झाली. त्या चार दिवसांत सगळ्यांचे आवाज चढलेले होते, माझाही. आमच्या भागात सीआरपीएफचा मोठा तळ आहे, त्यामुळे निवृत्त जवानांची घरं आसपास आहेत. त्यांतले एक काका तेव्हा बोलले ते वेगळंच होतं. ते म्हणाले, 'हे चार दिवसांत थांबलं, छान झालं. चार वर्षं चाललं असतं तर सुटे भाग कुठून आले असते?'

त्या प्रश्नाने मला वाचायला बसवलं. स्टॉकहोमच्या 'सिप्री' या संस्थेच्या आकड्यांप्रमाणे भारताच्या शस्त्र-आयातीत रशियाचा वाटा २०१०-१४ मध्ये ७२ टक्के होता, २०२०-२४ मध्ये तो ३६ वर आला. तरी एक तृतीयांशाहून जास्त शस्त्रं अशा देशातून येतात, ज्याला ती स्वतःच्या युद्धासाठी हवी आहेत. मार्च २०२३ मध्ये हवाई दलाने संसदीय समितीला सांगितलं होतं, की रशियाकडून ठरलेला एक मोठा पुरवठा युद्धामुळे होणार नाही. २०१८ च्या करारातल्या पाच एस-४०० हवाई संरक्षण यंत्रणांपैकी तीनच मे २०२५ पर्यंत आपल्याकडे पोचल्या होत्या, आणि त्या चार दिवसांत त्यांच्यावर केवढी भिस्त होती हे आपण पाहिलं. युक्रेनमधलं युद्ध आपलं नाही असं म्हणणाऱ्यांना मी हे सांगते. आपल्या हवाई संरक्षणाची वाट त्या युद्धातून जाते.

७. लांब युद्धात शहाण्या माणसांचीही मतं दुभंगतात, बदलतात.

माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचा हा तरुण मराठा लाइट इन्फंट्रीच्या तुकडीबरोबर इटलीत लढला आणि १० जुलै १९४४ ला, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिथेच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लहानपणी आम्हाला त्याच्या शौर्याची गोष्ट सांगत. तो ज्या युद्धात गेला त्यावर आपल्याकडे केवढा वाद चालला होता, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या कुणालाही न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं. त्याच्या निषेधार्थ मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. डॉ. आंबेडकरांना हिटलरचा पराभव गरजेचा वाटत होता. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली आणि पुढच्या वर्षी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. कम्युनिस्ट आधी याला साम्राज्यवाद्यांचं युद्ध म्हणत. जून १९४१ मध्ये जर्मनी सोव्हिएत रशियावर चालून गेला, त्यानंतर त्यांच्यासाठी ते लोकयुद्ध झालं. आणि ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला.

यांतला कुणीही उथळ नव्हता. प्रत्येकाला देशाची काळजी होती, आणि तरी त्यांच्या दिशा वेगवेगळ्या होत्या. हे वाचल्यापासून माझ्याहून वेगळं मत असलेल्याला देशद्रोही किंवा भाबडा म्हणणं मला जमत नाही. युद्ध लांबतं तसे प्रश्नही बदलतात. एखाद्याने मत बदललं तर मी विचारते, कुठल्या नव्या गोष्टीने बदललं? उत्तर मिळालं तर मीही शिकते.

८. सगळ्यात कमी आवाज असलेला माणूस सगळ्यात पुढे ढकलला जातो.

१७ जानेवारी २०२५ ला परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं, की रशियन सैन्यात भरती झालेल्या १२६ भारतीयांची प्रकरणं समोर आली असून त्यांतल्या १२ जणांचा मृत्यू झाला आहे. यातले कितीतरी जण नोकरीच्या आमिषाने गेलेले होते. कुणाला मदतनीस म्हणून नेलं होतं, कुणाला भलतंच काही सांगून. परदेशी नोकरीच्या जाहिराती आमच्याकडच्या नाक्यांवरही लागतात, आणि आखाताचा रस्ता कोकणाला नवा नाही. त्यामुळे ही बातमी मला परकी वाटली नाही. भारताने हा विषय मॉस्कोत वारंवार मांडला, बरेच जण सुटून आले, ते चांगलंच झालं. पण 'हे युद्ध आपलं नाही' असं आपण ठामपणे म्हणत असताना आपल्यातले हे बारा जण त्याच युद्धात मेले. त्यांच्यासाठी परराष्ट्र धोरणाची सुरुवात भरती करणाऱ्या एजंटाच्या परवान्यापासून व्हायला हवी होती.

९. हे प्रश्न दिल्लीला सोडून देण्याइतके दूरचे नाहीत.

५ आणि ६ एप्रिल २०२२ ला लोकसभेत युक्रेनवर सविस्तर चर्चा झाली. सर्व पक्षांचे सदस्य बोलले, परराष्ट्रमंत्र्यांनी उत्तर दिलं. मी ती बरीचशी ऐकली, आणि टीव्हीवरच्या चर्चांपेक्षा ती कितीतरी जबाबदार होती. फक्त ती युद्धाच्या पहिल्या दोन महिन्यांतली होती. तेल, शुल्क, खलाशी, भरतीचे एजंट हे सगळं त्यानंतर आलं. लांबलेल्या युद्धावर संसदेनेही पुन्हा पुन्हा बोललं पाहिजे. मला स्वतःला वाटतं, भारताने दोन्ही बाजूंशी बोलत राहावं, आक्रमणाला आक्रमण म्हणावं, आणि आपल्या निर्णयांची किंमत देशात कोण भरतं याचा हिशेब दर वर्षी लोकांसमोर ठेवावा. तुमचं मत वेगळं असेल. तुमच्या गावात या युद्धाचा धागा माझ्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी येऊन टेकला असेल, कापसाला, द्राक्षांना, किंवा एखाद्या मुलाच्या व्हिसाला.

आमच्या मावळ लोकसभा मतदारसंघात पनवेल आहे आणि उरणही. म्हणजे तळोज्याचे कारखाने आणि न्हावा-शेव्याचं बंदर यांचा खासदार एकच. निवडणुकीत आम्ही त्याला पाणी विचारतो, रस्ते विचारतो, कासाडी नदीचं प्रदूषण विचारतो, आणि ते विचारायलाच हवं. पुढच्या वेळी मी त्यात माझा एक प्रश्न घालणार आहे: तांबड्या समुद्रावर, रशियन तेलावर आणि सोलाईच्या शेडमधल्या कापलेल्या रोजांवर तुम्ही सभागृहात काय बोललात, आणि कधी?